बोट की बोअरस्कोप? (विमानाच्या इंजिन शॉपमधला जुना वाद)

लॉकवायर | शनि, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

झालं असं की दिवाळीला भाचा आला होता. पोरगं हैदराबादला एका जेट इंजिन शॉपमध्ये लागलंय, दोन वर्षं झाली. फराळाला बसलो आणि मी सवयीने विचारलं काय रे सध्या कशावर काम चाललंय, तर म्हणे मामा आता तुझ्यासारखं काही राहिलं नाही, सगळं मशीन सांगतं, आपण टॅबवर टिक करत पुढे जायचं. आणि वर चकली मोडत म्हणाला, तुमच्या वेळी टूल्सच नव्हती म्हणून तुम्हाला हाताचं एवढं कौतुक. तेव्हा काही बोललो नाही (बहीण समोर होती) पण रात्रभर डोक्यात तेच.

माझी ओळख म्हणजे आयटीआय फिटर, मग अप्रेंटिस, मग ३४ वर्षं मुंबईत एका मोठ्या ओव्हरहॉल शॉपमध्ये. जेटी९डीपासून सीएफ६पर्यंत इंजिनं उघडली, जोडली, टेस्ट हाऊसला नेऊन चालवली. कंपनीचं नाव लिहीत नाही. आयटीआयचं पहिलं वर्ष नुसतं कानस घासण्यात गेलं, एक लोखंडी तुकडा आणि एक गुण्या, उजेडात धरून फट दिसली की सर परत घासायला लावायचे, तेव्हा मनातल्या मनात शिव्या घातल्या पण हात बसला तो तिथेच.

आता मुद्दा. इंजिनच्या ऑइलच्या वाटेत चुंबकाचा एक प्लग असतो, चिप डिटेक्टर म्हणतात. आतलं बेअरिंग किंवा गिअर झिजायला लागलं की लोखंडाचा चुरा त्याला चिकटतो. आमचे एक चार्जहँड (आमच्या टोळीचे प्रमुख) होते, सगळे त्यांना दादा म्हणायचे. प्लग हातात आला की आधी उजेडाकडे धरायचे, मग चुरा पांढऱ्या फडक्यावर घेऊन दोन बोटांत चोळायचे. रव्यासारखं बारीक लागलं तर म्हणायचे जाऊ दे, लक्ष ठेवा. पोहे दिसले, म्हणजे चपटे चकचकीत पापुद्रे, तर म्हणायचे इंजिन उतरवायची तयारी करा. मग नियमाप्रमाणे चुरा लॅबला जायचा, तिथे मोठं मायक्रोस्कोप, धातू कुठला ते सांगणारं मशीन, आणि दोन दिवसांनी कागद यायचा की हे एम५०, बेअरिंगचं पोलाद. दादांचा निकाल आधी लागलेला असायचा आणि तो माझ्या डोळ्यांदेखत कधी चुकला नाही.

दुसरा किस्सा. पक्षी धडकला, नंतर व्हायब्रेशनची तक्रार. तेव्हा शॉपमध्ये नवाकोरा व्हिडिओ बोअरस्कोप (भोकातून इंजिनच्या आत बघायचा कॅमेरा) आला होता, गावाकडे फ्लॅट येईल एवढ्या किमतीचा, त्यामुळे दोन इंजिनिअर तो घेऊन कॉम्प्रेसरमध्ये शिरले आणि दोन अडीच तास एकेक पातं फिरवून बघत बसले, सगळं स्वच्छ. दादा आले, टॉर्च घेऊन पुढच्या फॅनसमोर उकिडवे बसले. त्या जुन्या इंजिनांत फॅनच्या पात्यांना मधोमध एकमेकांना टेकणारे कान असतात, दादांनी त्या कानांच्या मागून बोट फिरवलं आणि एका जागी थांबले. धडकेच्या वेळी दोन पात्यांचे कान एकमेकांवर चढून परत खाली बसले होते, पुढून काही दिसत नव्हतं पण मागे घासल्याची खरबड बोटाला लागत होती. पाच मिनिटं. फ्लॅटच्या किमतीचं मशीन जिथे नेऊ तिथलंच दाखवणार ना.

तर मंडळी, भाच्याला काय सांगू?

खुर्चीबहाद्दर | शनि, रात्री १०:३१

खुर्ची टाकून बसलो आहे. रवा-पोहे वाचून भूक लागली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

आठवडी_बाजार | शनि, रात्री १०:५०

मस्त लिहिलंय काका. राईट बंधूंच्या पहिल्या विमानाचं इंजिन आठवलं. त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकने ते सहा आठवड्यांत बनवलं, जवळ एक लेथ, एक ड्रिल प्रेस आणि हातातली हत्यारं. क्रँकशाफ्ट कसा केला तर पोलादाच्या ठोकळ्यावर आकार रेखाटला, रेषेच्या कडेकडेने भोकं पाडली, छिन्नी-हातोड्याने नको तो भाग उडवला आणि मग लेथवर चढवला. १२ हॉर्सपॉवर. १९०३ साली तेच उडालं. आजही त्याच्या वाढदिवसाला, २४ मेला, विमान मेकॅनिकांचा दिवस साजरा करतात.

(आता कुणीतरी तळपदे आणणार, मी आधीच सांगतो तो वेगळा धागा आहे.)

बी१_शारजा | रवि, पहाटे १:४०

नाईट शिफ्टला आहे, विमान उशिरा येतंय म्हणून लिहितो. लाइन मेंटेनन्सला १४ वर्षं, आधी मुंबई, आता आखातात.

काका राग मानू नका पण तुमच्या धाग्यातलं एक वाक्य मला खटकलं. "कधी चुकला नाही." माणूस बरोबर आला ते किस्से होतात, चुकला ते कुणी दिवाळीत सांगत नाही.

आता माझा किस्सा, म्हणजे माझा नव्हे, आम्हाला ह्यूमन फॅक्टर्सच्या (माणूस कसा चुकतो त्याच्या) प्रत्येक क्लासमध्ये शिकवतात तो. १० जून १९९०, ब्रिटिश एअरवेजचं बीएसी १-११, बर्मिंगहॅमहून मलागाला निघालेलं. आदल्या दिवशी पहाटे पुढची काच बदलली होती, बदलणारा साधासुधा हेल्पर नाही, शिफ्ट मॅनेजर, अनुभवी माणूस. जुना बोल्ट हातात घेऊन स्टोअरला गेला आणि नजरेने त्याच्या जोडीचे बोल्ट निवडले. पार्ट्स कॅटलॉग उघडला नाही, जिथून बोल्ट काढले तिथे उजेड नीट नव्हता, वाचायचा चष्माही लावलेला नव्हता. ९० पैकी ८४ बोल्ट बारीक निघाले, फरक जेमतेम पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही, आणि उरलेले सहा आखूड. १७ हजार फुटांवर काच उडाली, कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला, आतल्या लोकांनी त्याचे पाय धरून ठेवले, वाचला हे नशीब.

तो माणूस आळशी नव्हता, उलट कामाला वाघ असं सगळे म्हणत. त्याच्या नजरेवर त्याचाच एवढा विश्वास होता म्हणून तर कॅटलॉग उघडला नाही. आता सांगा, दादांचं बोट आणि त्याची नजर यात फरक कसा करायचा?

माझ्या मते टॉर्क रेंच, कॅलिब्रेशनचं स्टिकर, ड्युप्लिकेट इन्स्पेक्शन (दुसऱ्या माणसाने परत तपासणं), ही सगळी भानगड चांगल्या कारागिरासाठीच आहे. वाईट कारागिराला तसंही कुणी इंजिनला हात लावू देत नाही.

लॉकवायर | रवि, सकाळी ७:०५

बी१ साहेब, राग कसला, तुमचं वाचूनच चहा घेतला. पण तुम्ही बोल्टचं उदाहरण देताय. बोल्ट नजरेने निवडणं याला आमच्याकडेही कौशल्य म्हणत नव्हते, दादांनी कानाखाली काढली असती. दादा कॅटलॉगशिवाय वॉशरसुद्धा घ्यायचे नाहीत. पार्ट नंबर हा पुस्तकाचा विषय, झीज हा बोटाचा, असं मी म्हणेन.

शंकासुर | रवि, सकाळी ९:२०

मला यातलं काही कळत नाही पण एक बाळबोध प्रश्न. बोटाला एवढं कळतं तर कंपन्या करोडोची मशीनं घेतात कशाला? आणि मशीनला एवढं कळतं तर काकांसारख्यांना ३४ वर्षं पगार दिला कशाला? दोन्हीतलं एक कुणीतरी फुकट खातंय.

खुर्चीबहाद्दर | रवि, सकाळी ९:२४

शंकासुर +१. हलके घ्या काका.

कोपरगावची_सून | रवि, दुपारी २:१५

जेवणं आटोपली, मुलं झोपली, आता निवांत लिहिते. मी एनडीटी इन्स्पेक्टर आहे, म्हणजे पार्ट न तोडता तपासणारी, लेव्हल २, इंजिनच्या सुट्या भागांची एफपीआय करते. मराठीत सांगायचं तर चमकणाऱ्या रंगाने भेगा शोधायच्या. पार्ट आधी खूप स्वच्छ करायचा, मग त्या हिरवट-पिवळ्या तेलकट रंगात बुडवून ठेवायचा, रंग भेगेत शिरला की वरचा रंग धुवायचा, वाळवायचा, मग पांढरी पावडर. ती पावडर टीपकागदासारखी भेगेतला रंग बाहेर खेचते. मग अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बघायचं. आत गेल्यावर लगेच सुरू करायचं नाही, डोळे अंधाराला सरावू द्यायचे, आणि उन्हात काळा होणारा चष्मा असेल तर तो बाहेरच ठेवायचा.

आता यात मशीन किती आणि माणूस किती ते बघा. टाक्या, दिवा, ओव्हन, दिव्याची तीव्रता मोजणारं मीटर, सगळं महाग आणि सगळं वेळच्या वेळी तपासलेलं. पण धुताना पाण्याचा जोर जरा जास्त झाला की भेगेतला रंगसुद्धा वाहून जातो, मग दिव्याखाली पार्ट काळाभोर, निर्दोष दिसतो. कमी धुतला तर सगळा पार्ट चांदण्यासारखा चमकतो आणि खरी भेग त्यात हरवते. हे हाताचं काम आहे आणि ते पुस्तकातून येत नाही, मला यायला दीड वर्ष लागलं.

पण काकांच्या बाजूने बोलते असं समजू नका, पुढचं वाचा.

१९ जुलै १९८९, युनायटेडचं डीसी-१०, शेपटीतल्या इंजिनाची फॅन डिस्क (पाती बसवलेली चकती) तुटली, तिच्या तुकड्यांनी विमान वळवायच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा तोडल्या, सू सिटीला आदळलं. २९६ पैकी १८४ लोक वाचले हाच चमत्कार. डिस्क टायटॅनियमची, धातू ओतताना राहिलेल्या एका कडक डागातून भेग सुरू झालेली, वर्षानुवर्षं वाढत गेलेली. शेवटच्या ओव्हरहॉलला तीच एफपीआय झाली होती आणि तेव्हा भेग जवळजवळ अर्ध्या इंचाची असणार असं नंतर हिशेबाने निघालं. मला अंगावर काटा येतो तो पुढच्या गोष्टीने. तुटलेल्या भागावर तपासणीच्या रसायनाचे अंश सापडले. म्हणजे रंग भेगेत गेला होता. टाकीने, दिव्याने, पावडरीने आपापलं काम केलं होतं, दिव्यासमोरच्या माणसाला ते दिसलं नाही किंवा त्याने तिथे बघितलं नाही. तपास अहवालात कारण म्हणून लिहिलंय की तपासणीतल्या माणसाच्या मर्यादांचा पुरेसा विचार झाला नव्हता. सात वर्षांनी पेन्साकोलाला डेल्टाच्या एमडी-८८ चा फॅन हब फुटला, दोघे गेले, तिथेही एफपीआयमध्ये सुटलेली भेग.

घरी तांदूळ निवडता का कुणी? पहिल्या ताटात खडे पटापट दिसतात. दहाव्या ताटाला, आणि नऊ ताटांत एकही खडा निघाला नसेल तर, डोळे उघडे असतात पण बघत नसतात. माझं काम म्हणजे महिनोन्महिने खडा नसलेले तांदूळ निवडणं. त्यामुळे "हाताला कळतं" म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, शिफ्टच्या कितव्या तासाला?

आठवडी_बाजार | रवि, दुपारी २:४४

ताई दंडवत. तांदळाचं उदाहरण जन्मात विसरणार नाही.

२०१८ मध्ये साउथवेस्टच्या ७३७ चं पातं तुटलं, खिडकी फुटून एक बाई गेल्या, तेही असंच ना?

कोपरगावची_सून | रवि, दुपारी ३:०२

हो, बऱ्यापैकी तसंच. सीएफएम५६, २४ पात्यांतलं १३ नंबरचं, मुळाशी भेग. २०१२ च्या ओव्हरहॉलला एफपीआय झाली होती, त्यात ती भेग सापडली नसावी असा निष्कर्ष निघाला. पुढे पात्याच्या मुळाला एडी करंट (विजेच्या प्रवाहाने तपासणी) आणि अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी तपासणी) लावायला लागले, त्यांना बारीक भेग जास्त लवकर कळते. इथे महागडं यंत्र जिंकलं, काका, मान्य करा.

धुळेकर_१७२ | रवि, संध्या ६:३०

तुम्ही सगळे मोठ्या इंजिनांचे लोक. आम्ही गरीब, फ्लाइंग ट्रेनिंगवाल्या सेसना १७२ चे पिस्टन इंजिनवाले, क्लबचं नाव राहू द्या. इथे महागडं मशीन हा प्रश्नच नाही, प्रश्न असतो की प्लगचं गॅस्केट कधी येणार.

आमची कॉम्प्रेशन टेस्ट सांगतो, ऐका. इंजिन गरम असताना एकेका सिलिंडरमध्ये ८० पीएसआयची हवा सोडायची आणि दुसऱ्या गेजवर किती टिकते ते बघायचं. ७४ आलं तर छान, ६० च्या खाली आलं तर कपाळाला आठी. प्रोपेलर दुसऱ्या माणसाने छाती काढून घट्ट धरायचा, सुटला तर हात गेला समजा, म्हणून आमच्याकडे त्या कामाला गप्पिष्ट माणूस घेत नाहीत. पण गेज फक्त एवढंच सांगतं की हवा गळतेय. कुठून, ते कानाने. एक्झॉस्टच्या नळीला कान लावला आणि फुस्स आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून आलं तर इनटेक, ऑइलची डिपस्टिक काढून तिथे आलं तर रिंगा. दोन गेजचं डबडं आणि एक कान, झालं निदान.

पण खरं सांगू का, हल्ली मोबाइलला लावायचा स्वस्तातला कॅमेरा मिळतो ऑनलाइन, तो प्लगच्या भोकातून आत घालतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह चांगला असेल तर त्याच्यावरचे जळके रंग गोल सारखे दिसतात, तवा तापल्यासारखे. एका कडेला हिरवट-लालसर चंद्रकोर दिसली की समजायचं तिथून गळतोय, जळायला लागलाय, आणि हे कधीकधी गेजवर ७० च्या वर असतानाच दिसतं. पूर्वी हे आम्हाला कळायचंच नाही. आमच्या जुन्या उस्तादांना दाखवलं तर त्यांनी स्वतःचा मोबाइल बदलला, आधी बटणवाला होता.

तेव्हा माझ्यासारख्याला विचाराल तर महाग-स्वस्त सोडा, आत बघायला मिळालं पाहिजे.

दादरची_आज्जी | रवि, संध्या ७:११

मी विमानात चारदाच बसले आहे, पण बाजारात माठ घेताना बोटाने वाजवून घेते. तडा गेलेला बद्द वाजतो. तुमच्याकडे असं काही नाही का?

बी१_शारजा | रवि, संध्या ७:४५

आज्जी, आहे! अगदी हेच. इंजिनच्या बाहेरचं कव्हर कंपोझिटचं असतं, आत मधमाशीच्या पोळ्यासारखी रचना. वरचा थर आतून सुटला की बाहेरून दिसत नाही. मग नाण्याने किंवा छोट्या हातोडीने टिकटिक करत जायचं, चांगल्या जागी खणखणीत, सुटलेल्या जागी तुमच्या माठासारखं बद्द. टॅप टेस्ट म्हणतात आणि ही जुगाडू पद्धत नाही, मॅन्युअलमध्ये आहे. पूर्वी स्टेशनवर गाडी थांबली की घण घेऊन चाकं वाजवत जाणारा माणूस आठवतोय का, तो आमचा चुलतभाऊ.

फक्त शेजारच्या जागेवर विमानाचं इंजिन चालवून बघत असतील तर काही ऐकू येत नाही, आणि वय वाढलं की वरच्या पट्टीचं ऐकणं आधी जातं. म्हणून मशीन.

संपादक_मंडळ | रवि, रात्री ८:००

तळपदे यांच्यासंबंधीचे सात प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत.

आठवडी_बाजार | रवि, रात्री ८:०३

मी सांगितलं होतं.

ओझरवाला | रवि, रात्री ९:१८

कुणीतरी हलवलेल्या प्रतिसादांत लिहिलं होतं की ओझरला मिगची इंजिनं बनायची. ती चूक दुरुस्त करतो, ओझरला विमानं, इंजिनं ओडिशात कोरापुटला. आयुष्य गेलं तिथे म्हणून टोचलं.

बाकी शॉर्टकटबद्दल एक. हातात कला असली की शॉर्टकट सुचतात, आणि तिथेच घात होतो. १९७९ चं शिकागो, अमेरिकन एअरलाइन्सचं डीसी-१०, उडताना डावं इंजिन खांबासकट निखळून पंखावरून मागे गेलं, २७३ मेले. कारण काय, तर इंजिन आधी आणि पायलॉन (इंजिन टांगलेला तोच खांब) नंतर असं उतरवायचं सोडून दोन्ही एकत्र उतरवायला लागले, फोर्कलिफ्ट लावून. तास वाचत होते. फोर्कलिफ्ट इंचभर इकडेतिकडे झाली की पायलॉनच्या वरच्या फ्लँजवर (जोडाच्या कडेवर) भार येतो आणि तडकते, आणि ती जागा सहज दिसणारी नाही. चालवणारे पोरगेलेसे नव्हते, तेही मुरलेले मेकॅनिकच होते.

लॉकवायर | रवि, रात्री १०:४०

सगळ्यांचं वाचतोय. एकेकाला उत्तर देत बसलो तर मध्यरात्र होईल.

मशीन नको असं मी कधी म्हटलंच नाही. मशीन आलं की लोक आपला हात खिशात घालतात हे माझं दुखणं आहे. आमच्याकडे फॅनचं बॅलन्सिंग करायला अ‍ॅनालायझर यायच्या आधी तीन वर्तुळांची पद्धत होती. इंजिन एकदा चालवून व्हायब्रेशन मोजायचं, मग एक ठरलेलं वजन १२० अंशांवर तीन जागी एकेकदा लावून तीन वेळा परत मोजायचं, आणि कागदावर कंपासने वर्तुळं काढायची. ती जिथे एकमेकांना छेदतात तिथे उत्तर, वजन किती आणि कुठे. चार रन, म्हणजे इंधन जाळलं बरंच. अ‍ॅनालायझर एका-दोन रनमध्ये सांगतो, उत्तमच आहे. पण एकदा त्याचा सेन्सरच उलटा लागला होता आणि तो मोठ्या आत्मविश्वासाने वजन समोरच्या बाजूला लावा म्हणत होता. वजन लावलं, व्हायब्रेशन वाढलं. पोरं परत तेच बटण दाबत होती. ज्याने कंपासने वर्तुळं काढलीत त्याला एका क्षणात कळतं की उत्तर बरोबर उलट्या दिशेला आहे. तेवढंच म्हणायचंय मला.

चकली_मोडणारा | रवि, रात्री ११:२६

नवीन आयडी. ओळखलं असेलच.

मामा, आईने लिंक पाठवली. चकलीचं लिहायची गरज होती का :)

आधी माझी बाजू. मी जे म्हणालो ते पूर्ण चूक नाही. तुमच्यापैकी कुणी पावडर मेटलचा उल्लेख केला नाही म्हणून करतो (ते इंजिन आमच्या शॉपमध्ये नाही, पण सगळ्या इंडस्ट्रीने ते जवळून बघितलंय). ए३२० निओवरचं प्रॅटचं गिअर्ड टर्बोफॅन. जुलै २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की २०१५ च्या शेवटापासून २०२१ पर्यंत बनलेल्या काही डिस्कच्या धातूच्या भुकटीत सूक्ष्म अशुद्धी मिसळली होती, त्यामुळे डिस्क ठरल्यापेक्षा लवकर तडकू शकते. शेकडो विमानं जगभर उभी राहिली, आपल्या इंडिगोचीसुद्धा बरीच. अजून तडकलेली नाही अशा डिस्कवर दादांनी बोट फिरवलं असतं तर काय लागलं असतं? आरशासारखा गुळगुळीत धातू. दोष त्याच्या पोटात, तो शोधायला वेगवेगळ्या कोनांतून अल्ट्रासोनिक सोडावा लागतो, त्यासाठी इंजिन उतरवून खोलून डिस्क बाहेर काढावी लागते, म्हणून तर वर्षभराच्या रांगा. बोट धातूच्या कातडीपर्यंतच जातं मामा.

आता दुसरी बाजू, जी फराळाला सांगितली नाही.

बोरोब्लेंडिंग नावाचं एक काम असतं. कॉम्प्रेसरच्या पात्याच्या कडेला दगड-खडा लागून खाच पडली तर पूर्वी इंजिन उघडावं लागायचं. आता बोअरस्कोपच्याच भोकातून बारीक ग्राइंडर आत घालतात आणि स्क्रीनवर बघत ती खाच घासून गोलसर करतात, म्हणजे तिथून भेग पुढे जात नाही. किट केवढ्याचं आहे ते विचारू नका. मी ट्रेनिंगला बसलो, खराब पात्यावर. स्क्रीनवर डावीकडे जायचं तर हात उजवीकडे न्यावा लागतो, टोक थरथरतं, जरा दाब जास्त पडला की लिमिटच्या पलीकडे धातू जातो आणि मग खऱ्या इंजिनात ते पातं बाद म्हणजे इंजिनच शॉपला. मी चार पाती खाल्ली. आमच्या बॅचमध्ये सगळ्यात आधी पास कोण झालं, तर सांगलीचा एक आयटीआय फिटर. इंस्ट्रक्टरने विचारलं आधी कुठे केलंस, तो म्हणाला कानस घासलीय सर, वर्षभर.

मला अजून सर्टिफिकेट मिळालेलं नाही. टॅबवर टिक करतो तो त्यामुळे.

शंकासुर | रवि, रात्री ११:४१

अरे वा, धाग्यात नाट्य आलं.

बी१_शारजा | सोम, पहाटे २:१५

भाचेसाहेब, लिहायला धाडस लागतं, मानलं. आमच्याकडे नापास झालेला माणूस सांगत नाही की नापास झालो.

चिप डिटेक्टरवरून एक राहिलं होतं. मे १९८३, ईस्टर्नचं ट्रायस्टार, मायामीहून नासाऊ. रात्री तिन्ही इंजिनांचे तेच चुंबकी प्लग बदलले, तपासणी चोख व्हावी म्हणूनच. नेहमी फोरमनच्या कपाटात प्लग ओ-रिंग (ऑइल गळू नये म्हणून बसवायची रबरी कडी) लावून तयार असायचे. त्या रात्री कपाट रिकामं, स्टोअरमधून नवीन आणले, ओ-रिंग लावायच्या होत्या पण हाताला तयार प्लगची सवय, तसेच बसवले. तिन्ही इंजिनांचं ऑइल हवेत गळून गेलं. एक आधीच बंद केलं होतं, बाकीची दोन समुद्रावर असताना बंद पडली, मग ते पहिलं परत चालू करून कसेबसे मायामीला उतरले. सगळे १७२ वाचले. सराव झालेला हात हा असाही असतो.

लॉकवायर | सोम, सकाळी ६:५०

रात्री भाच्याचं वाचलं आणि झोप लागली नाही, म्हणून एक लिहून टाकतो. बी१ साहेब तुम्ही पहिल्याच प्रतिसादात बोट ठेवलं होतं, मी पार्ट नंबर आणि झीज करून निसटलो.

दादा एकदा चुकले होते. मी "डोळ्यांदेखत" लिहिलं ते शब्दाशब्दाने खरं, कारण त्या दिवशी मी रजेवर होतो. प्लगवर चुरा आला, दादांनी चोळला, म्हणाले रवा आहे, इंजिन परत विंगवर जाऊ दे. सुपरवायझरने कागद येईपर्यंत थांबवलं म्हणून बरं. कागदावर एम५०. उघडलं तर बेअरिंगच्या रेसवर (आतल्या गोळ्या फिरतात त्या कड्यावर) बोटभर लांब खवले निघालेले होते, फक्त तुकडे मधल्या गाळणीत अडकून प्लगपर्यंत बारीकच चुरा पोचत होता. दादा त्या दिवशी डबा न खाता घरी गेले असं ऐकलं.

त्यानंतरही ते प्लग उजेडाकडे धरायचे, फडक्यावर चोळायचे, सगळं तसंच. पण विचारलं काय आहे दादा, तर म्हणायचे कागद येऊ दे. आणि कागद आला की आम्हाला बोलवून आधी चुरा बोटात द्यायचे, मग कागद वाचायचे. आम्ही शिकलो ते असं, आणि मी नंतर सांगताना नेमका तेवढा भाग गाळत आलो, का ते माझं मलाच कळत नाही. त्यांचा मान राहावा म्हणून असेल.

बाळ्या, पात्यांचं मनावर घेऊ नको. सुट्टीला ये, माळ्यावर माझी कानस आहे अजून, दहा इंची, बास्टर्ड कट. आणि लॉकवायरचं (बोल्ट सैल पडू नये म्हणून बांधायच्या तारेचं) जुनं भेंडोळं पण आहे. इंचाला सहा ते आठ पीळ, ओढ घट्ट होण्याच्या बाजूला, पक्कड न वापरता नुसत्या हाताने जमेपर्यंत उठायचं नाही.

चकली_मोडणारा | सोम, सकाळी ७:३१

सगळ्यांसमोर बाळ्या नको ना मामा. येतो. ख्रिसमसला सुट्टी टाकली आहे.

कोपरगावची_सून | सोम, सकाळी ९:०५

"आधी चुरा बोटात, मग कागद." काका, हे मी आमच्या ट्रेनी मुलींना उद्यापासून करायला लावते. आधी पार्ट बघायचा, काय दिसलं ते लिहायचं, मग माझा रिपोर्ट उघडायचा. चालेल ना?

लॉकवायर | सोम, सकाळी ९:२०

चालेल काय, करा. पहिल्या तासाला नको, शेवटच्या तासाला करा.

धुळेकर_१७२ | सोम, सकाळी ११:१०

अवांतर : कुणाच्या ओळखीत मॅग्नेटोचं (प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्राचं) टायमिंग बघायचा जुना बझ बॉक्स आहे का विकायला? आमचा मेला. दोन्ही दिवे सोबत लागायला हवेत, एवढीच अट. खाजगी निरोप करा.

ओझरवाला | सोम, सकाळी ११:३४

आहे एक. आवाज येत नाही, दिवे लागतात. चालेल?

धुळेकर_१७२ | सोम, सकाळी ११:३६

पळेल.